मागच्या चाकातून घूंऽऽ आवाज: बेअरिंग की टायर, आणि कोणत्या बाजूचं?

जुनी_चारचाकी:
पंधरा वर्षांची हॅचबॅक आहे, फ्रंट व्हील ड्राइव्ह, मागे ड्रम ब्रेक. ताशी ४० च्या पुढे मागून घूंऽऽ सुरू होतं आणि ७० ला इतकं वाढतं की मोठ्यानं बोलावं लागतं. मोकळ्या सरळ रस्त्यावर क्षणभर न्यूट्रल केलं तरी आवाज तसाच. शिवाय अगदी हळू चालवताना चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा 'खर्र' असं घासल्यासारखं येतं. टायर ३५,००० किमी चाललेत. मेकॅनिक म्हणतो दोन्ही बाजूंची बेअरिंग बदला. त्याआधी घरी खात्री करायची आहे. जॅक, स्टँड, टॉर्क रेंच आहे.

ग्रीसगन:
न्यूट्रलमध्येही आवाज राहिला, म्हणजे इंजिन बाद. उरतात टायर, बेअरिंग आणि ब्रेक. सुरुवात टायरपासून करा, कारण त्याला काहीच खोलावं लागत नाही.

टायरच्या ट्रेडवरून (रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीवरून) तळवा आधी पुढून मागे आणि मग मागून पुढे फिरवा. एका दिशेला गुळगुळीत आणि उलट दिशेला करवतीसारखं लागलं, किंवा ठरावीक अंतरावर खळगे जाणवले, तर टायरचाच संशय धरा. मग त्याच बाजूची पुढची-मागची चाकं अदलाबदल करून तोच रस्ता, तोच वेग. आवाज पुढे सरकला किंवा त्याचा सूर बदलला तर बेअरिंगला हात लावू नका. आणखी एक खूण: गुळगुळीत डांबरावरून खरबरीत काँक्रीटवर गेल्यावर टायरचा आवाज बदलतो, बेअरिंगचा जवळजवळ नाही.

बाजू ओळखायला ५०-६० च्या वेगात लांब, सौम्य वळण घ्या. उजव्या वळणावर गाडीचा भार डाव्या चाकांवर येतो, म्हणून तिथे आवाज वाढला तर डावं बेअरिंग. नुसत्या कानावर विसंबू नका. मागची बॉडी पोकळ डब्यासारखी घुमते आणि आवाज हमखास दुसऱ्या बाजूचा वाटतो.

हब_आणि_ड्रम:
वळणाच्या चाचणीनंतर गाडी उचलून बघाच. सपाट जमीन, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ओंडके, गाडी गिअरमध्ये, मग हँडब्रेक सोडून मागचा भाग स्टँडवर. नुसत्या जॅकवर नाही.

एका हाताची बोटं कॉइल स्प्रिंगवर ठेवा, दुसऱ्या हाताने चाक जोरात फिरवा. खराब बेअरिंगची खरखर स्प्रिंगमधून बोटांना कळते, कानाला येत नसली तरी. मग चाक वर-खाली, १२ आणि ६ च्या जागी धरून हलवा. खटका जाणवला तर कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेकमुळे ड्रम बॅकिंग प्लेटला (ड्रमच्या मागची न फिरणारी पत्र्याची थाळी) जखडतो, त्यामुळे खटका गेला तर तो बेअरिंगचा. राहिला तर ॲक्सलच्या बुशात शोधा.

जुनी_चारचाकी:
करून बघितलं. टायर अदलाबदलीने काहीच फरक नाही. उजव्या वळणावर वाढतो, डाव्या वळणावर जवळजवळ बंद. डाव्या स्प्रिंगला खरखर स्पष्ट लागते, खटकाही आहे आणि ब्रेक दाबला की जातो. मधली टोपी काढली तर आत खाचांचा कॅसल नट आणि स्प्लिट पिन. म्हणजे टेपर (निमुळत्या रोलरचं) बेअरिंग ना? नट काढला तरी ड्रम मात्र निघत नाही.

ग्रीसगन:
हो, स्प्लिट पिन असेल तर टेपरच. नट हाताने घट्ट करून एक खाच सैल करा, झालं.

हब_आणि_ड्रम:
थांबा, हे धोक्याचं आहे. स्प्लिट पिन नट सुटू नये म्हणून असते, तिच्यावरून बेअरिंगचा प्रकार कळत नाही. काही गाड्यांत त्याच नटामागे दोन बॉल बेअरिंग आणि मध्ये एक नळीसारखा स्पेसर असतो. तिथे अंतर स्पेसर ठरवतो आणि नट मॅन्युअलमधल्या पूर्ण टॉर्कला आवळायचा असतो. सैल ठेवला तर बेअरिंगची आतली रेस (कडं) शाफ्टवर फिरून शाफ्ट खाते. टेपरमध्ये नेमकं उलटं: तोच टॉर्क दिला तर रोलर दाबले जातात, हब तापतो, ग्रीस पातळ होऊन वाहतं आणि नवं बेअरिंग थोड्याच दिवसांत ओरडू लागतं. म्हणून ड्रम काढून आत बघा. गोळ्या आहेत की एका टोकाला निमुळते रोलर, त्यावर पुढचं सगळं ठरतं.

ड्रम अडकला आहे तो आतल्या काठामुळे. ब्रेक शू (ड्रमला आतून दाबणारे, लायनर लावलेले तुकडे) घासून ड्रमचा मधला भाग खोल जातो, काठ उंच राहतो आणि शूला अडतो. बॅकिंग प्लेटवरच्या भोकातून ॲडजस्टर (शू आणि ड्रममधलं अंतर ठरवणारा स्क्रू) मागे घ्या, हँडब्रेकची केबल ढिली करा. ड्रमच्या काठावर हातोडीने ठोकू नका, बीड तडकतं. आतली धूळ हवेने उडवू नका, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या कापडाने पुसा.

तुमचा 'खर्र' आवाजही बहुधा याच बेअरिंगचा आहे. खटका असला की ड्रम डगमगतो आणि शूला किंवा बॅकिंग प्लेटच्या काठाला फेऱ्यातून एकदा टेकतो. तरी ड्रमचा आतला व्यास मोजा. कमाल माप ड्रमवरच कोरलेलं असतं, त्याच्या पुढे गेला असेल तर बदला. शूच्या मागे बॅकिंग प्लेटवर ज्या उंचवट्यांवर शू सरकतात, तिथे उष्णता सोसणाऱ्या ग्रीसचा पातळ हात द्या. जास्त नको, लायनरला लागलं तर शू वाया गेले. आणि एका वेळी एकच बाजू खोला. दोन्ही बाजूंच्या ॲडजस्टरचे आटे उलटसुलट असतात, अदलाबदल झाली तर ते आवळण्याऐवजी सुटतात.

जुनी_चारचाकी:
निमुळते रोलर आहेत. डाव्या आतल्या बेअरिंगच्या बाहेरच्या रेसवर खड्डे पडलेत, रोलर निळसर. फक्त रोलरचा पिंजरा बदलला तर चालेल?

हब_आणि_ड्रम:
नाही. निळा रंग म्हणजे धातू तापलेला आहे, आणि खड्ड्याच्या रेसवर नवे रोलर फिरले की तेही तसेच होतात. रेस आणि रोलर संचातच बदला, ऑइल सील नवं. ड्रममधली जुनी रेस पितळी सळईने आतून आळीपाळीने दोन्ही बाजूंना ठोकून काढा. नवी रेस रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा आणि जुनी रेस तिच्यावर उलटी ठेवून ठोका. तळाला बसली की ठोक्याचा आवाज घट्ट, ठणक येतो. जुनी रेस बाहेरून थोडी घासून घ्या, नाहीतर तीच आत अडकेल.

ग्रीस लिथियम कॉम्प्लेक्स, एनएलजीआय २ (हा ग्रीसच्या घट्टपणाचा क्रमांक). तळव्यावर गोळा घेऊन बेअरिंगची रुंद कड त्यात दाबत राहा, दुसऱ्या बाजूने ग्रीस बाहेर येईपर्यंत. हबच्या पोकळीत मात्र एक तृतीयांशच भरा. पूर्ण भरली तर ग्रीस तापून सीलमधून थेट ब्रेक शूवर येतं.

आवळताना ड्रम सतत फिरवत नट साधारण २०-२५ न्यूटन-मीटरला न्या, म्हणजे रोलर जागेवर बसतात. मग नट पूर्ण सैल करा आणि फक्त बोटांनी टेकवा. खाच भोकासमोर आली नाही तर नट पुढे नको, मागे घ्या. डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं घड्याळ) असेल तर हबचा आत-बाहेर खेळ (ढिलेपणा) ०.०३ ते ०.१० मिमीच्या दरम्यान हवा. मॅन्युअलचं माप वेगळं असेल तर तेच पाळा. जुनी स्प्लिट पिन परत वापरू नका.

ग्रीसगन:
माझं आधीचं उत्तर घाईचं होतं, वरचं धरा. उजवी बाजूही खोलून ग्रीस बदला. शे-दीडशे किलोमीटर झाल्यावर ब्रेक फारसा न दाबता वीस मिनिटं चालवा आणि दोन्ही हब हाताने तपासा. डावा उजव्यापेक्षा स्पष्ट गरम लागला तर चाक उचलून फिरवा: शू घासत असतील तर ॲडजस्टर मागे घ्या, मोकळं फिरत असेल तर नट एक खाच सैल करा.