शब्दचर्चा: आयर्लंडचं 'एकीकरण' की 'पुनरेकीकरण'?

नीलमोहर

एका दिवाळी अंकासाठी ब्रेक्झिटनंतरच्या उत्तर आयर्लंडवर लेख लिहिते आहे आणि तिसऱ्याच परिच्छेदात अडकले आहे. २४ जून २०१६ची सकाळ, सार्वमताचा निकाल हाती आलाय. सगळ्या युनायटेड किंग्डमचा मिळून कौल ५१.९ टक्के बाहेर पडण्याचा, उत्तर आयर्लंडचा मात्र ५५.८ टक्के युरोपीय संघातच राहण्याचा. त्याच दिवशी, आयर्लंड एक व्हावं असं मानणाऱ्या शिन फेन पक्षाचे नेते मार्टिन मॅकगिनेस यांनी मागणी केली, की आयर्लंड एक करायचं का यावर आता मतदान घ्या.

हे 'आयर्लंड एक करणं' एका शब्दात कसं मांडू? आधी 'पुनर्एकीकरण' लिहिलं. ते खोडून 'एकीकरण' केलं. मग वाटलं, उत्तरेचा तुकडा दक्षिणेच्या प्रजासत्ताकात जाणार, तर 'विलीनीकरण' का नको? प्रत्येक वेळी वाक्य वेगळ्याच माणसाच्या तोंडचं वाटायला लागलं. जाणकारांनी मदत करावी.

विसर्ग

आधी लेखनाचं सांगतो. 'पुनर्एकीकरण' असा शब्द होत नाही. 'पुनः' मधल्या विसर्गापुढे स्वर आला की र् होतो आणि तो पुढच्या स्वरात मिसळतो: पुनरागमन, पुनरावृत्ती, पुनरुज्जीवन. तसं पुनरेकीकरण. मृदू व्यंजन आलं तर पुनर्जन्म, पुनर्वसन. छापील मजकुरात 'पुनर्एकीकरण' सर्रास दिसतं, पण तुम्ही तरी लिहू नका.

आता अर्थ, आणि इथे खरी गंमत आहे. 'एकीकरण' मधला तो दीर्घ ई संस्कृतातल्या च्वी प्रत्ययाचा. हा प्रत्यय कधी लागतो? जे आधी तसं नव्हतं, ते तसं झालं किंवा केलं तर. शुद्ध नव्हतं ते शुद्ध करणं म्हणजे शुद्धीकरण. म्हणजे 'एकीकरण' हा शब्दच आतून सांगतो, की हे आधी एक नव्हतं. 'पुनः' लावलं की उलटा दावा येतो: हे पूर्वी एक होतं, मधे तुटलं, आता परत जोडायचं. शाळेत आपण 'जर्मनीचे एकीकरण' शिकलो ते १८७१चं, बिस्मार्कचं. १९९०मध्ये जे झालं ते पुनरेकीकरण. दोन्हीला एकच शब्द वापरला तर मधली फाळणी वाक्यातून नाहीशी होते.

नीलमोहर

म्हणजे मी 'पुनः' लावला तर एका बाजूचं म्हणणं मान्य केलं, आणि गाळला तर दुसऱ्या बाजूचं?

कोकणकडा

यात बाजू कसली? १९२०च्या कायद्याने बेट तोडलं, ३ मे १९२१ला फाळणी अमलात आली. सहा काउंट्या, म्हणजे जिल्हे, उत्तरेत, सव्वीस दक्षिणेत. त्याआधी बेट एक होतं ही नोंद आहे, मत नव्हे. आपण १९४७ला 'फाळणी' म्हणताना दोन्ही हातांनी तराजू धरत नाही. तिथेच का धरायचा?

आणि दुसरा मुद्दा. सीमेवरच्या लोकांना ब्रेक्झिटनंतर जो धसका बसला तो पुन्हा जकातनाके येतील याचा. जुन्या जखमेवरची खपली निघेल असं त्यांना वाटत होतं. ती आठवण त्या 'पुनः' मध्येच आहे. ती काढून टाकली तर लेख गुळमुळीत होईल.

बेलफास्टकर

नऊ वर्षं बेलफास्टमध्ये राहते, म्हणून लिहिते.

कोकणकडा, तुमची फाळणीची तारीख बरोबर आहे. पण माझ्या शेजारच्या आजोबांना तोच इतिहास विचारला तर ते म्हणतील, बेट एक होतं ते ब्रिटिश मुकुटाखाली. १८०१ पासून तर सगळं आयर्लंड युनायटेड किंग्डमचाच भाग. स्वतंत्र, सार्वभौम, अखंड आयरिश राज्य असं कधी होतं, जे 'परत' आणायचं? त्यांच्या मते तुटलं ते युनायटेड किंग्डम, आणि सव्वीस काउंट्या त्यातून बाहेर गेल्या. त्यांच्या हिशेबाने 'पुन्हा एक' म्हणायचं तर डब्लिनने लंडनकडे यायला हवं! हे ते मनापासून म्हणतात, वाद घालायचा म्हणून नाही.

ब्रिटन आणि आयरिश नेत्यांमधल्या १९२१च्या करारात आणखी एक बारकावा आहे. ६ डिसेंबर १९२२ला आयरिश फ्री स्टेट अस्तित्वात आलं आणि उत्तरेला त्यातून बाहेर राहण्याची मुभा होती. बेलफास्टच्या संसदेने दुसऱ्याच दिवशी तसा ठराव केला. दोन्ही बाजू हीच तारीख आपापल्या बाजूने सांगतात.

इथे कायद्यात काय शब्द आहे ते महत्त्वाचं. उत्तरेतला हिंसाचार थांबवणारा १९९८चा शांतता करार आणि त्यावरचा उत्तर आयर्लंड कायदा 'पुन्हा' म्हणत नाहीत, 'एक झालेलं आयर्लंड' एवढंच म्हणतात. प्रजासत्ताकाच्या राज्यघटनेचं तिसरं कलम त्याच वेळी बदललं. त्यात बेटावरच्या सगळ्या माणसांना एकत्र आणण्याची इच्छा आहे, आधी असलेला सबंध बेटावरचा दावा गेला. म्हणजे भूभाग जोडण्याची भाषा सोडून माणसं जोडण्याची भाषा आली. आयरिशमध्ये मात्र 'आहॅ' हा आपल्या 'पुनः' सारखा उपसर्ग लावून केलेला शब्द आहे, आणि तो वापरणारे बहुतेक एकाच बाजूचे.

जाता जाता, ब्रेक्झिटला आयरिशमध्ये जो शब्द केलाय त्याचा उत्तरार्ध म्हणजे 'निघून जाणं'. ब्रिटन निघून गेलं. किती साधं. मराठीत आपण 'ब्रेक्झिट' तसाच घेतला, तेही ठीकच.

मांडवी

'विलीनीकरण' ताबडतोब काढा. मी गोव्याची आहे, हा शब्द आमच्या घरात अजून जड आहे. १६ जानेवारी १९६७चा जनमत कौल गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की संघप्रदेश ठेवायचा यावर होता. फूल म्हणजे विलीनीकरण, दोन पानं म्हणजे वेगळं राहणं. विलीनीकरण ३४,०२१ मतांनी हरलं. आमच्याच घरात दोन भाऊ दोन बाजूंना होते. फूलवाल्या आजोबांसाठी 'विलीन' म्हणजे आपल्या माणसांत जाणं. धाकट्यासाठी साखर पाण्यात विरघळते तसं नाहीसं होणं. शब्द एकच, त्यात काय दिसतं ते वेगळं.

उत्तर आयर्लंडमधल्या ज्या लोकांना भीती आहे, त्यांची भीती नेमकी विरघळण्याची आहे. करारात तर लिहिलंय, की तिथल्या माणसाला स्वतःला आयरिश, ब्रिटिश किंवा दोन्ही म्हणवून घेण्याचा हक्क आहे आणि सार्वभौमत्व बदललं तरी तो हक्क राहील. ज्या व्यवस्थेने न विरघळण्याची हमी दिली, तिला 'विलीनीकरण' म्हणणं चूक आहे.

तुमच्या मतदानासाठी मात्र आमचा 'कौल' घ्या. तिकडे ते ज्याला 'बॉर्डर पोल' म्हणतात, त्याचं 'सीमा जनमत चाचणी' केलंत तर वाचकाला वाटेल, वर्तमानपत्राने हजार लोकांना फोन केले. हे बंधनकारक परिणाम असलेलं मतदान आहे. 'ऐक्य कौल' म्हणून पाहा.

विसर्ग

'कौल' सुंदर. देवळात लावतात तो, मतपेटीत देतात तो आणि घरावर असतं ते कौल, तीन वेगळ्या वाटा. इथला अर्थ पहिल्या दोघांचा. पण एक शंका. १९७३लाही असं मतदान झालं होतं ना? मग तोही 'ऐक्य कौल'?

बेलफास्टकर

हो, ८ मार्च १९७३. आयर्लंड एक व्हावं असं मानणाऱ्या राष्ट्रवाद्यांनी बहिष्कार घातला, त्यामुळे जवळजवळ ९९ टक्के मतं ब्रिटनबरोबर राहण्याच्या बाजूने पडली. त्याला 'ऐक्य' म्हटलं तर माझे शेजारी म्हणतील, आम्ही ऐक्याच्याच बाजूने मत दिलं, युनायटेड किंग्डमच्या ऐक्याच्या! म्हणून 'सीमा कौल' बरा. सीमा राहावी की जावी, एवढंच त्यात येतं.

नीलमोहर

'सीमा कौल' घेतला. आता 'युनियनिस्ट'ना काय म्हणू? 'संघवादी' लिहिलं तर महाराष्ट्रातल्या वाचकाच्या डोळ्यापुढे भलताच संघ येतो. 'राष्ट्रवादी'ने निवडणुकीतला पक्ष. 'रिपब्लिकन' तर आधीच दोन देशांत वाटलेला. शिवाय परिच्छेदात पुढे 'युरोपीय संघ' आहेच.

विसर्ग

'संघराज्यवादी'ही नको, तो वेगळाच विचार आहे आणि युनायटेड किंग्डम संघराज्य नाही. 'युनियनवादी' ठेवा आणि पहिल्या वेळी एका वाक्यात उलगडा: ब्रिटनशी असलेला जोड टिकावा असं मानणारे. 'लॉयलिस्ट', म्हणजे त्यांच्यातले कडवे, त्यांना 'राजनिष्ठ' चालेल. 'राष्ट्रवादी'च्या आधी 'आयरिश' लावलं की पक्षाचा गोंधळ मिटतो.

बेलफास्टकर

मला वाटतं, सगळ्यात अवघड शब्द अजून कोणी काढलाच नाही. 'संमती'.

१९९८च्या कराराचा कणा तोच आहे. उत्तर आयर्लंडच्या बहुसंख्यांच्या संमतीशिवाय त्याचा दर्जा बदलणार नाही. २२ मे १९९८ला उत्तरेत ७१ टक्क्यांनी आणि दक्षिणेत ९४ टक्क्यांनी हे मान्य केलं. ब्रेक्झिट आलं आणि दोन्ही बाजूंनी हाच शब्द एकमेकांच्या तोंडावर धरला. आयरिश राष्ट्रवादी म्हणाले, आम्ही ५५.८ टक्के राहायचं म्हणालो आणि तुम्ही आमच्या संमतीविना आम्हाला बाहेर ओढलंत. त्यावर जानेवारी २०१७मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की कायद्यातली संमती युनायटेड किंग्डममध्ये राहायचं की आयर्लंडमध्ये जायचं एवढ्यापुरती आहे, युरोपसाठी नाही.

मग २०२१पासून प्रोटोकॉल, म्हणजे ब्रेक्झिट करारातली उत्तर आयर्लंडसाठीची वेगळी व्यवस्था, अमलात आला. जमिनीवर नाके नकोत म्हणून तपासणी समुद्राच्या बाजूला, बंदरांवर गेली. आता युनियनवादी म्हणाले, ब्रिटन आणि आमच्यामध्ये ही रेघ आमच्या संमतीविना ओढलीत. न्यायालयाने फेब्रुवारी २०२३मध्ये तोही दावा फेटाळला. त्याच महिन्यात त्या तपासण्या सैल करणारा विंडसर आराखडा झाला. डीयूपी या युनियनवादी पक्षाने सरकारात बसायला नकार दिला होता, म्हणून दोन वर्षं स्टॉरमाँट, म्हणजे उत्तर आयर्लंडची विधानसभा, बंद होतं. ते फेब्रुवारी २०२४मध्ये उघडलं आणि शिन फेनच्या मिशेल ओनील फर्स्ट मिनिस्टर झाल्या.

दोघांनाही आपली संमती कोणी विचारली नाही असंच वाटतं, आणि दोघांचं दुःख खरं आहे. नीलमोहर, तुमच्या लेखात एका ठिकाणी 'संमती', दुसऱ्या ठिकाणी 'मंजुरी' आणि तिसऱ्या ठिकाणी 'अनुमती' आलं, तर एकाच शब्दावरचं हे भांडण वाचकाला दिसणारच नाही. पुनरुक्ती झाली तरी चालेल, 'संमती'च ठेवा.

कोकणकडा

हे पटलं. मग आणखी दोन शब्द. जकातनाके असलेल्या 'हार्ड बॉर्डर'चं 'कठोर सीमा' करू नका, सीमा काय रागावलेली नसते. 'नाक्यांची सीमा' म्हणा. आणि ब्रेक्झिट कराराच्या २०१८च्या मसुद्यातला 'बॅकस्टॉप'? मला 'शेवटची तजवीज' सुचतं. नाके टाळण्यासाठी, बाकी काहीच ठरलं नाही तर लागू होणारी.

आणि वाटाघाटींच्या वर्षांत डब्लिनकडून बोलणारे लिओ वराडकर, म्हणजे वडिलांकडून आमच्या मालवण तालुक्यातल्या वराड गावचे. डिसेंबर २०१९मध्ये ते गावी येऊनही गेले. त्यांना 'पंतप्रधान' लिहा, पण एकदा तरी 'टीशक' हा त्यांचा आयरिश शब्द येऊ द्या.

पण 'पुनः'वर मी ठाम आहे.

बेलफास्टकर

तुम्ही एकदा न्यूरीहून डंडॉककडे गाडीने या. सीमा कुठे ओलांडली ते कळत नाही. वेगाची पाटी मैलांची होती ती किलोमीटरची होते, एवढंच. जवळजवळ ५०० किलोमीटरची सीमा आणि दोनशेहून जास्त रस्ते तिला ओलांडतात. त्या पाटीपाशी राहणाऱ्या माणसाला विचारलं तर तो 'पुन्हा' म्हणेल. बेलफास्टच्या पूर्वेला राहणारा म्हणणार नाही. दोघांची नावं ठेवण्याची रीतसुद्धा वेगळी आहे. एकाच शहराला एक 'डेरी' म्हणतो, दुसरा 'लंडनडेरी'. १९९८च्या त्याच कराराला एक 'गुड फ्रायडे करार' म्हणतो, दुसरा 'बेलफास्ट करार'. आणि 'उत्तर आयर्लंड' हे नावही नकाशाला धरून नाही, बेटाचं सगळ्यात उत्तरेचं टोक प्रजासत्ताकातल्या डॉनेगॉलमध्ये आहे.

मांडवी

मग ज्याचा शब्द त्याच्याच तोंडी ठेवा ना. लेखिकेच्या निवेदनात 'एक आयर्लंड'. मॅकगिनेस बोलतील तिथे 'पुनरेकीकरण'. बेलफास्टकरांच्या शेजारच्या आजोबांच्या तोंडी 'जोड तोडणं'.

विसर्ग

'एक आयर्लंड'मध्ये च्वी प्रत्ययही नाही आणि 'पुनः'ही नाही. व्याकरणाने कोणाचीच बाजू घेतलेली नाही. मला मान्य.

कोकणकडा

निवेदनात मान्य. अवतरणात मात्र 'पुनः' गाळू नका.

नीलमोहर

परिच्छेद असा केला:

'निकालाच्या दिवशीच मॅकगिनेस यांनी पुनरेकीकरणासाठी सीमा कौलाची मागणी केली. असा कौल कधी घ्यायचा हे कायद्याने ब्रिटिश मंत्र्याच्या हाती आहे: एक आयर्लंडच्या बाजूने बहुमत होईल असं त्याला दिसलं, तर त्याने तो घ्यायलाच हवा, आणि एकदा घेतला की पुढची सात वर्षं पुन्हा घेता येत नाही. युनियनवाद्यांचं उत्तर होतं की मतदान युरोपवर झालं होतं, ब्रिटनशी असलेल्या जोडावर नाही, आणि त्या जोडासाठी त्यांची संमती आजही कायम आहे.'

'एक आयर्लंडच्या' की 'एका आयर्लंडच्या'? विसर्ग, हे एवढं सांगा, मग मजकूर संपादकांकडे पाठवते.

विसर्ग

'एक आयर्लंडच्या'. 'एका' केलंत तर 'कुठल्यातरी एका' असा अर्थ निघेल. हवं तर दोन शब्दांमध्ये जोडरेघ द्या.