धायरीत दोन गुंठ्यांवर घर : ‘थंड’ घरासाठी पाच लाख जास्तीचं कर्ज काढावं का?

सुहास_धायरी
नमस्कार. सध्या आम्ही पुण्यात सिंहगड रोडला सगळ्यात वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो. एप्रिल-मेमध्ये रात्री अकराला पंखा लावला की भट्टीसमोर बसल्यासारखं होतं. आई संध्याकाळी गच्चीवर चार बादल्या पाणी ओतून येते, त्यावरून सोसायटीच्या सेक्रेटरीशी तिचं दोनदा वाजलंय. नव्या घरात हे नको, एवढंच माझं म्हणणं.

धायरीत बाबांचा दोन गुंठ्यांचा एनए (बिगरशेती) प्लॉट आहे. रस्ता पश्चिमेला. खाली आईबाबा, वर आम्ही तिघं, एकूण साडेएकोणीसशे चौरस फूट. ठेकेदाराने मटेरियलसकट चौरस फुटाला २२५० चा दर दिलाय, म्हणजे ४४ लाखांच्या आसपास. बँक ३५ लाखांना तयार आहे, साडेआठ टक्के, २० वर्षं.

आता आर्किटेक्ट मॅडमनी एक यादी काढली आहे : एएसी ब्लॉक (हलके, सच्छिद्र काँक्रीटचे), स्लॅबवर इन्सुलेशन, दुहेरी काचेच्या खिडक्या, ३ किलोवॅट सोलर, सोलर वॉटर हीटर, बीएलडीसी (कमी वीज खाणारे) पंखे. सगळं मिळून पाच लाख वर. त्याचा हप्ता महिना ४३४० ने वाढतो. ठेकेदार म्हणतो, “साहेब, हे सगळं फॅड आहे. दोन एसी टाका, विषय संपला.” बाबा ठेकेदाराच्या बाजूने, बायको मॅडमच्या बाजूने, आणि मी मध्ये. यातलं खरंच कामाचं काय? आणि बँक याला पैसे देते का?

राहुल_पीसीएमसी
भाऊ, सोलर लावा, बाकी सोडा. केंद्राच्या सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८ हजार सबसिडी आहे. बिल शून्य झालं की एसी दिवसभर चालवा ना.

मीनल_मांजरी
राहुल, दिवसभर एसी चालवायला दिवसभर घरी कोण असतं? घर तापतं दुपारी, झोपायचं असतं रात्री.

सुहास, आधी सांगा, नकाशा मंजुरीला गेलाय की अजून मॅडमच्या टेबलावर आहे? टेबलावर असेल तर पाचातले बरेच लाख वाचतील.

आम्ही २०२१ मध्ये मांजरीत बांधलं. आमचाही रस्ता पश्चिमेलाच. मी गणित शिकवते, त्यामुळे सगळं वहीत लिहून ठेवायची खोड आहे. पुण्यात १३ मेच्या सुमारास शून्य सावली दिवस येतो. दरवर्षी गच्चीवर बाटली उभी करून शेजारच्या पोरांना दाखवते मी. म्हणजे ऐन उन्हाळ्यात दुपारचा सूर्य थेट डोक्यावर, आणि त्याचा सगळ्यात मोठा मार स्लॅबला. आमचं ठरलं होतं की स्लॅबवर वॉटरप्रूफिंग, त्यावर ५० मिमीचे एक्सपीएस (उष्णता अडवणाऱ्या घट्ट फोमचे) बोर्ड, वर कोबा आणि पांढरी चायना मोझॅक. बोर्ड मागच्या दोन खोल्यांवर पडले आणि पैसे संपले. पुढच्या खोलीवर नुसता कोबा. त्यामुळे फुकटात प्रयोग झाला. कोविडात घेतलेली ती कपाळावरून ताप मोजायची बंदूक असते ना, तिला सरफेस मोड असतो. गेल्या मेमध्ये पुढच्या खोलीचं छत दुपारी तीनला ३७ होतं आणि रात्री नऊला ४१. उलटं नाही लिहिलेलं. काँक्रीट दुपारचं ऊन पोटात ठेवतं आणि रात्री सोडतं, तुमच्या पंख्यातून अकराला येते ती हीच हवा. मागच्या खोलीत तीनला ३३ आणि नऊला ३४.

केंद्राची २०१८ ची इको निवास संहिता आहे, तुमच्या मॅडमना माहीत असणार. ती म्हणते, छताचा यू-आकडा, म्हणजे छतातून उष्णता किती सहज आत येते त्याचं माप, १.२ च्या आत हवा. नुसत्या सहा इंची स्लॅबचा तीनच्या वर जातो, ५० मिमी एक्सपीएस टाकलं की ०.६ च्या आत येतो. यादीतलं बाकी काहीही कापा, हे कापू नका. नंतर करायचं म्हटलं तर अख्खा कोबा फोडावा लागतो. मला विचारा, मी तीन वर्षं विचार करतेय.

पश्चिमेची भिंत. संध्याकाळचं ऊन आडवं येतं, त्याला छज्जा काही करत नाही. म्हणून जिना, बाथरूम, कोठीची खोली पश्चिमेला टाका. याला एक पैसा लागत नाही, फक्त नकाशा हलवावा लागतो. आमच्याकडे सासूबाईंनी वास्तू काढलं : मालकाची झोपायची खोली नैर्ऋत्येला. उन्हाला विचाराल तर घरातली सगळ्यात तापणारी खोली तीच. भांडले नाही. तिथे आठ इंची एएसी लावले, बाहेर भिंतीपासून फूटभर अंतरावर जाळी उभारून मधुमालती चढवली. आता बरी आहे. सासूबाई म्हणतात वास्तूमुळे.

एएसी घ्याच, पण कॉलम आणि ब्लॉकच्या सांध्यावर गिलाव्याआधी चिकन मेश (बारीक तारेची जाळी) मारून घ्या, स्वतः उभं राहून. आमच्याकडे दोन ठिकाणी विसरले, दोन्ही ठिकाणी भेग आहे, अगदी दारातून दिसेल अशी.

दुहेरी काच कापा. आपल्याकडे मेमध्ये दिवसा ३९ असलं तरी पहाटे २२-२३ पर्यंत उतरतं, आणि ती पहाटच आपला एसी आहे. खिडकी उघडी ठेवायची असेल तर काच एक काय आणि दोन काय. त्याऐवजी स्लायडिंगच्या जागी बिजागरीची, पूर्ण उघडणारी खिडकी घ्या. स्लायडिंग निम्मीच उघडते. आणि समोरच्या भिंतीलाही खिडकी हवी, नाहीतर वारा दारात उभा राहून परत जातो.

पंखे बीएलडीसीच. साधा ७५ वॅट, हा ३० च्या आसपास. सहा पंखे रोज दहा तास धरले तर महिन्याला ८१ युनिट वाचतात, आणि महावितरणच्या दराच्या स्लॅबमध्ये वाचणारे युनिट नेहमी वरचे, महाग असतात.

सोलर शेवटी. नाही म्हणत नाही, शेवटी म्हणते. बांधकामाच्या तात्पुरत्या मीटरवर ते होतच नाही, घरगुती मीटर तुमच्या नावावर यावं लागतं. आज फक्त एक करा : जिन्याची टोपी आणि पाण्याची टाकी गच्चीच्या उत्तरेला घ्या. आमची टाकी दक्षिणेला आहे. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे कलला की सकाळपासून दोन पॅनेल तिच्या सावलीत. प्लंबरला पाइप तिकडून जवळ पडत होता, एवढंच कारण.

राहुल_पीसीएमसी
मान्य ताई. पण सबसिडी खरी आहे हो. पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३० हजार, तिसऱ्याला १८. पैसे आधी आपण भरायचे, महावितरणची तपासणी झाली की सबसिडी खात्यात येते. पॅनेलमधले सेलसुद्धा भारतात बनलेले लागतात, नाहीतर मिळत नाही. एका किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट मोकळी गच्ची धरा, आणि दिवसाला सरासरी ४ युनिट. पावसाळ्यात कमी.

मीनल_मांजरी
पैसे कसे संपले ते राहिलं. ठेकेदाराच्या एस्टिमेटमध्ये ‘टेरेस वॉटरप्रूफिंग’ एवढी एकच ओळ होती. बँकेने त्याच एस्टिमेटवर कर्ज बसवलं. बोर्डाचा खर्च माझ्या वहीत होता, बँकेच्या फाइलमध्ये नव्हता. बँकेचा व्हॅल्युअर आला, स्लॅब मोजला, गेला. वरचं सगळं आमच्या खिशातून. खिसा दोन खोल्यांपुरताच निघाला.

अण्णा_कोथरूड
मी एकतीस वर्षं बँकेत होतो, त्यातली नऊ गृहकर्जाच्या टेबलावर. मीनलताईंचं दुखणं मी शंभर फायलींत पाहिलंय. बँक ‘थंड घर’ ओळखत नाही, एस्टिमेटमधली ओळ ओळखते. तेव्हा सुहासराव, एक्सपीएस, एएसी, सोलर हीटर हे सगळं आर्किटेक्टच्या सही-शिक्क्याच्या एस्टिमेटमध्ये वेगवेगळ्या ओळींत घाला, कर्ज मंजूर होण्याआधी. मंजुरीनंतर रक्कम वाढवायला पुन्हा कागद, पुन्हा व्हॅल्युअर.

३० लाखांच्या वर ७५ लाखांपर्यंतच्या कर्जाला रिझर्व्ह बँकेची मर्यादा किमतीच्या ८० टक्के आहे. तुमच्या ४४ च्या हिशोबात ३५ म्हणजे तुम्ही काठावर उभे आहात. एस्टिमेट ४९ झालं तर ३९ पर्यंत बसतं, म्हणजे पाचातला एक लाख तरी तुमचाच लागणार. तो आत्ताच बाजूला काढा.

दुसरं, ठेकेदाराचे टप्पे आणि बँकेचे टप्पे जुळवून घ्या. बँक जोतं, स्लॅब, वीटकाम, गिलावा असं झालेल्या कामावर पैसे सोडते. ठेकेदाराला ते कामाच्या आधी हवे असतात. तुमचा स्वतःचा पैसा या मधल्या फटीत जातो, म्हणून तो सुरुवातीलाच टाइल्सच्या दुकानात घालवू नका. बांधकाम चालू असताना उचललेल्या रकमेवर नुसतं व्याज भरता येतं. फ्लोटिंग दर असेल तर नंतर सबसिडीचे ७८ हजार कर्जात भरायला दंड नाही.

सोलर गृहकर्जात न घालता सूर्यघर योजनेत वेगळं कर्ज घ्या. ३ किलोवॅटपर्यंत तारण लागत नाही, आणि २० वर्षं त्याचं व्याज भरत बसावं लागत नाही.

सुहास_धायरी
सगळ्यांचे आभार. नकाशा अजून टेबलावरच आहे! आज संध्याकाळी मॅडमकडे जाऊन जिना पश्चिमेला आणि टाकी उत्तरेला करून घेतली. दुहेरी काच आणि सोलर यादीतून काढलं, आकडा पाचावरून दोन लाख दहा हजारांवर आला. अण्णा, म्हणजे एस्टिमेट ४६ च्या जरा वर, कर्ज जास्तीत जास्त ३७, बरोबर?

बाबांना मीनलताईंचे ३७ आणि ४१ वाचून दाखवले. काही बोलले नाहीत, पण जेवण झाल्यावर स्टुलावर चढून छताला हात लावून पाहत होते.

अण्णा_कोथरूड
बरोबर. ३६.८ धरा.

मीनल_मांजरी
टाकीची जागा प्लंबरलाही लिहून द्या. नकाशा तो बघत नाही.