जुन्या इलेक्ट्रिक गिटारी: नाव मोठं, लक्षण कसं? अनुभव लिहा

साताऱ्यात माझ्या मित्राचा मुलगा इलेक्ट्रिक गिटार वाजवतो, आणि फार छान वाजवतो. पुण्यात एका गृहस्थांना त्यांची 1970 च्या दशकातली फेंडर स्ट्रॅटोकास्टर विकायची आहे. पोराचं मन तिच्यावर बसलंय. किंमत ऐकून वडील माझ्याकडे आले. "जुनी म्हणून एवढे पैसे? नवी याच्या निम्म्यात येते की!" मी इथं मुलांना गिटार शिकवतो, पण मला एका वाक्यात उत्तर देता येईना. म्हणून हा धागा.

आधी माझं मत सांगतो, म्हणजे खोडायला बरं पडेल. गिब्सन कंपनीची लेस पॉल 1952 ची, फेंडरची स्ट्रॅटोकास्टर 1954 ची. दोन्ही आजही जवळपास त्याच आकारात बनतात, त्यामुळे मूळ आराखड्याच्या थोरपणाबद्दल वाद नाही. पण आराखडा थोर म्हणून त्या काळात कारखान्यातून बाहेर पडलेली प्रत्येक गिटार थोर, हे मला पटत नाही. 1965 मध्ये सीबीएस या अमेरिकी प्रसारण कंपनीनं फेंडर कंपनी विकत घेतली, उत्पादन वाढलं, आणि 1971 च्या सुमारास स्ट्रॅटचा (म्हणजे स्ट्रॅटोकास्टरचा) नेक, म्हणजे तारांखालचा लांब दांडा, चारऐवजी तीन बोल्टवर बसायला लागला. तेव्हाचे कितीतरी वादक या मालाला नाक मुरडायचे आणि 1965 च्या आधीच्या गिटारी शोधत फिरायचे. आज तोच माल 'व्हिंटेज' म्हणून विकला जातो. शिवाय जी गिटार चांगली निघाली ती लोकांनी जपली आणि जी वाईट होती तिचे सुटे भाग झाले. चाळणीत राहिलेले दाणे बघून अख्ख्या पिकाचा अंदाज कसा बांधायचा?

जे वाद्य स्वतः वाजवलंय किंवा दुरुस्त केलंय, त्याबद्दलच लिहा. ऐकीव नको.

कराड, ऑर्केस्ट्रात वाजवायचो

1980 च्या आसपास आम्ही गणपतीत आणि जत्रांत कार्यक्रम करायचो. परदेशी गिटार तेव्हा कुणा जहाजावरच्या माणसानं आणली तरच बघायला मिळायची. माझी देशी बनावटीची होती. बाराव्या फ्रेटपाशी (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या म्हणजे फ्रेट) तारा इतक्या उंच की बोटं सोलून निघायची. पिकअप, म्हणजे तारेची हालचाल टिपणारा भाग, सिंगल कॉइल, एकाच वेटोळ्याचा, त्यामुळं मांडवातल्या ट्यूबलाइटी लागल्या की स्पीकरमधून घरघर सुरू. एका ठरावीक दिशेला तोंड केलं की ती कमी व्हायची, मग मी रात्रभर तसाच उभा. समोर पब्लिक डावीकडं बसलेलं असलं तरी.

तरीपण त्या गिटारीसारखा नेक मला पुन्हा मिळाला नाही. फ्रेटबोर्डाच्या कडा घासून गोल झालेल्या. पाचव्या फ्रेटच्या मागं पॉलिश उडून लाकूड उघडं पडलेलं, आणि कितीही घाम आला तरी हात तिथं अडकायचा नाही. हे कंपनीनं केलेलं नव्हतं, माझ्या हातानं झालं होतं. दुसऱ्याच्या हातानं झिजलेला नेक त्या पोराच्या हाताला बसंल का, हे वाजवल्याशिवाय कुणीच सांगू शकत नाही. आता फेंडरच्या कस्टम शॉपमधून मुद्दाम झिजवलेल्या नव्या गिटारीही येतात, 1995 पासून. मी त्यातली एक वाजवली आहे. हाताला खरंच गोड लागते.

मिरज, सतार-तंबोऱ्याचं काम

आमचं मूळ काम सतारी आणि तंबोऱ्यांचं. 2024 मध्ये मिरजेच्या या दोन्ही वाद्यांना भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा गल्लीत पेढे वाटले होते. गेली काही वर्षं गिटारीही येतात.

गाणारे लोक घरातला जुना तंबोरा आणतात आणि म्हणतात, "आजोबांच्या वेळी कसा बोलायचा, आता मुका झालाय." लाकूड तेच, भोपळा तोच. घोडीच्या, म्हणजे तारा ज्यावरून जातात त्या पट्टीच्या, माथ्यावर मात्र तारांनी चर पाडलेले असतात. तो माथा कानशीनं पुन्हा घासायचा. तार त्याला जिथं हळूच टेकते तिथली उतरण साधायची, मग खाली सूत सरकवत बसायचं. एका जागी सूत आलं की तंबोरा एकदम उघडतो. घरचे म्हणतात, "बघा, जुनं लाकूड!" लाकडाचा वाटा मी नाकारत नाही, पण तो मुका होता तेव्हाही लाकूड जुनंच होतं. बोलायला लागला तो जवारीमुळं, म्हणजे घोडीच्या त्या उतरणीमुळं.

गिटारीत हेच काम फ्रेटवर होतं. जुन्या गिटारीच्या पहिल्या तीन-चार फ्रेटवर तारेखाली खड्डे असतात, कारण सगळे तिथंच वाजवतात. मी आधी नेक सरळ करून घेतो, प्रत्येक फ्रेटचा माथा मार्कर पेननं काळा करतो आणि लांब सपाट कानस हलक्या हातानं फिरवतो. उंच फ्रेटवरची शाई लगेच निघते. जिथं शाई राहते तिथं खड्डा. सगळीकडची शाई जाईपर्यंत घासायचं, मग एकेका फ्रेटला परत गोलाई द्यायची. एवढं झालं की वाद्य मालकाला ओळखू येत नाही.

सतारीत आणि इलेक्ट्रिक गिटारीत एक मोठा फरक आहे. सतारीचा आवाज तबलीतून आणि भोपळ्यातून बाहेर येतो. गिटारीच्या पिकअपला फक्त लोखंडी तार कळते: खाली चुंबक, त्याभोवती केसापेक्षा बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे, वर तार हलली की त्या वेढ्यांत वीज तयार होते. लाकडामुळं तार कशी हलते यात थोडा फरक पडतो, पण भरीव लाकडाची गिटार केवळ वय वाढलं म्हणून सुधारते, असं मला माझ्या कामात दिसलेलं नाही. जुन्या लाकडासाठी जादा पैसे द्यायचे तर तंबोऱ्याला द्यावेत.

पाचगणी, संगीत शिक्षिका

आमच्याकडे जुलैत ढग खोलीत येतात. तारा आठवड्यात गंजतात, नेकचं लाकूड पाणी पितं आणि मार्चमध्ये सरळ असलेली गिटार वाकते. मग ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आतली लोखंडी सळी, फिरवावा लागतो. जुन्या गिटारीत तो फिरेलच याची खात्री नसते. माझ्या ओळखीत एका सुंदर जुन्या गिटारीचा रॉड गंजून बसला होता, आणि नेक बदलावा लागला. शिकणाऱ्या मुलांच्या बाबतीत मी ठाम आहे. संगणकावर चालणाऱ्या यंत्रांनी कापलेली आजची स्वस्तातली गिटारही सुरात राहते, तारा खाली असतात, मूल टिकतं. जुन्या उंच तारांच्या गिटारीपायी वाजवणं सोडलेली मुलं मी पाहिली आहेत आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. वर्गातलं कपाट पावसाळाभर आत बल्ब लावून गरम ठेवते. नवी असो की जुनी, एवढं सगळ्यांनीच करावं.

सांगली, गावभाग

ऑगस्ट 2019 च्या पुरात माझी लेस पॉल पद्धतीची गिटार पाण्याखाली गेली. आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी 57 फुटांवर गेली होती, घरातलं काय काय वाचवणार? पाणी उतरल्यावर गाळातून काढली. गिटारीची केस (पेटी) फुगून फाटली होती. गिटार नळाखाली धुतली, सावलीत वाळवली, उन्हात मुद्दाम ठेवली नाही. पिकअप, पॉट (आवाज कमी-जास्त करायच्या बटणाखालचा भाग), स्विच, सॉकेट सगळं गेलं. खुंट्या बदलल्या, फ्रेट बदलले. बॉडी आणि नेक मूळचेच राहिले.

ती आता जुनी म्हणायची की नवी? मी बराच वाद घातलाय यावर. इंग्लिश गिटारवादक एरिक क्लॅप्टनची 'ब्लॅकी' त्यानं स्वतः तीन जुन्या स्ट्रॅटचे भाग एकत्र करून बनवली होती. 2004 च्या लिलावात तिला साडेनऊ लाख डॉलरच्या वर बोली लागली. पिंक फ्लॉइड बँडच्या डेव्हिड गिलमोरच्या काळ्या स्ट्रॅटचे नेक आणि पिकअप किती वेळा बदलले गेले, तरी 2019 मध्ये ती सुमारे चाळीस लाख डॉलरला गेली. म्हणजे जगातल्या सगळ्यात गाजलेल्या जुन्या गिटारीसुद्धा 'ओरिजिनल' नाहीत. कामाला लागेल तसं त्यांच्या मालकांनी त्यांना बदललं. मुलगा वाजवण्यासाठी घेत असेल तर बदललेले भाग असलेली घ्यावी, बरीच कमी पैशांत मिळते.

मूळ विटा, सध्या अमेरिकेत

वरचं सगळं वाचलं, आता थोडं उलट लिहितो. इथल्या एका दुकानात मला 1950 च्या दशकाच्या शेवटची गिब्सन वाजवायला मिळाली, मूळ पिकअपसकट. शेजारीच त्याच मॉडेलची नवी ठेवलेली. ॲम्प एकच, तारा सारख्याच. जुनीचा व्हॉल्यूम खाली केला तरी आवाज गढूळ होत नव्हता, प्रत्येक स्वर वेगळा ऐकू येत होता. नवीचा आवाज जाड होता, पण तो खुलेपणा नव्हता. मला हा भास वाटत नाही.

कारणही आहे. गिब्सनचा अभियंता सेथ लव्हर याचा तो हमबकर, म्हणजे दोन कॉइलचा पिकअप, 1957 मध्ये गिब्सनच्या गिटारींत आला, त्यावर 'पेटंटचा अर्ज केलेला आहे' अशी चिठ्ठी असायची. तेव्हा त्यातले वेढे आजच्याइतके मोजून-मापून पडत नव्हते, चुंबकही एकाच प्रतीचे नसायचे. दोन कॉइलमध्ये वेढे कमी-जास्त पडले की आवाज वरच्या पट्टीत जास्त खुला येतो. म्हणून काही पिकअप अप्रतिम निघाले, काही साधे. आज ते मुद्दाम तसेच गुंडाळून विकणारे लोक आहेत.

आणखी एक. 1958 ते 60 दरम्यानची सनबर्स्ट (मध्ये फिकट, कडेला गडद रंगाची) लेस पॉल आज अनेक लाख डॉलरला जाते, पण तेव्हा ती खपत नव्हती. गिब्सननं तो आकारच बंद केला. पुढे इंग्लंडच्या ब्लूज वादकांनी दुय्यम बाजारातून त्या उचलल्या, त्यांचा आवाज जगाला ऐकवला, आणि 1968 मध्ये कंपनीला तो आकार परत आणावा लागला. ही कीर्ती जाहिरातीनं आलेली नाही, वाजवणाऱ्यांनी कानानं निवडून दिलेली आहे. म्हणून तिला नुसती आठवणींची माया म्हणू नये.

धागाकर्ता

विटेकर, तुमचा मुद्दा मान्य, पण तो तुम्ही वाजवलेल्या त्या एका गिटारीचा आहे. पुण्याची गिटार तशी निघते का, हेच बघायचंय. मिरजकर, रविवारी मुलाला आणि गिटारीला तुमच्याकडे पाठवलं तर चालेल का? मालक तयार आहेत.

मिरज, सतार-तंबोऱ्याचं काम

जरूर पाठवा. येताना मुलानं स्वतःची रोजची गिटार पण आणावी, दोन्ही एकाच ॲम्पवर ऐकू. नेकचे बोल्ट सोडून आतली तारीख आणि पॉटवर छापलेले आकडे बघावे लागतील, पॉटच्या आकड्यांत तो पॉट बनवल्याचं वर्ष आणि आठवडा असतो. मालकांना आधी विचारून ठेवा, कारण काहींना आपल्या गिटारीला पाना लावलेला आवडत नाही. फ्रेट किती उरलेत हे बघून पुन्हा घासता येतील की नवे घालावे लागतील ते सांगतो. तो खर्च किमतीतून वजा करायला लावा.