मदत हवी: मिरचीचं टिंक्चर गढूळ झालं, वर नारिंगी थर आलाय. टाकून देऊ का?

खारेगाव_मृ
सुक्या मिरचीचं टिंक्चर (अल्कोहोलमध्ये भिजवून काढलेला अर्क) केलंय. बरणी अंधारात ठेवली होती, रोज हलवत होते, सगळं नियमाप्रमाणे. काल गाळून बाटल्या भरल्या. आज बघते तर दुधट-गढूळ, वर नारिंगी चिकट थर. रंग लाल नाही, मातकट पिवळा. जिभेला लावलं तर म्हणावा तसा झणकाही नाही. वाचेल का हे? गॅसवर गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून आटवलं तर दाट होईल का? शनिवारी डोंबिवलीला द्यायचंय, कृपया लवकर सांगा.

मसालागल्ली_वाशी
आधी ते गॅसपासून लांब ठेवा. ४० टक्के अल्कोहोलची वाफ साधारण २६ अंशांनाच पेट घेऊ शकते आणि ठाण्यात खोलीचं तापमानच त्याच्या वर असतं. आटवून दाटही होणार नाही, अल्कोहोल आधी उडेल आणि गढूळपणा वाढेल.
आता सांगा: मिरची कुठली? अख्खी की पूड? कशात भिजवली, किती टक्के? प्रमाण काय? पोटात घ्यायचंय की लावायचंय?

रबाळे_रसायन
+१. विशेषतः कशात भिजवली ते सांगा. सर्जिकल स्पिरिट किंवा सॅनिटायझर वापरलं असेल तर जिभेला लावणं आत्ताच बंद करा.

खारेगाव_मृ
वोडका आहे, साधी दुकानातली. बेडगीची पूड, रंग चांगला यावा म्हणून. प्रमाण अंदाजे. आता टाकू की नको?

कोपरी_तेलघाणा
ताई, वोडकाचा खर्च कशाला? मिरचीचा गुण तेलात उतरतो. २५ ग्रॅम सुकी मिरची, २५० मिली तिळाचं तेल, गरम पाण्याच्या भांड्यावर ६० अंशांच्या आसपास दोन-तीन तास. उकळू द्यायचं नाही, मिरची काळी पडली की तेल कडू होतं. मिरची कडकडीत सुकी हवी, ओल राहिली तर तेल खवट होतं किंवा बुरशी धरतं. लाल रंगही आपोआप येतो.

मसालागल्ली_वाशी
तेलाचं नंतर बघू, त्यांनी विचारलंय ते आधी. वोडका आपल्याकडे साधारण ४२.८ टक्के असते. तेवढ्याने सुक्या मिरचीचं टिंक्चर नीट होतं, गढूळ व्हायचं कारण नाही. मृताई, गाळल्यावर बाटलीत आणखी काही घातलंत का?

खारेगाव_मृ
फक्त पाणी, उकळून गार केलेलं. ४०० मिली निघालं होतं, कमी वाटलं म्हणून १५० मिली घातलं. पाण्याने काय होणार?

रबाळे_रसायन
पाण्यानेच झालंय. ४०० मिलीमध्ये अल्कोहोल १७१ मिली. ते ५५० मिलीमध्ये पसरलं, म्हणजे ३१ टक्क्यांवर आलं. कॅप्सेसिन (तिखटपणा देणारं द्रव्य), मिरचीतलं तेल आणि राळ हे सगळं अल्कोहोलमध्ये विरघळतं, पाण्यात जवळजवळ नाही. टक्केवारी घसरली की ते बारीक थेंबांच्या रूपात बाहेर पडतं आणि दुधट दिसतं. बडीशेपेच्या दारूत पाणी घातल्यावर होतं तेच. नासलेलं नाही, ३१ टक्क्यांत जंतू वाढत नाहीत.
नारिंगी थर म्हणजे बियांचं तेल, शिवाय पुडीला लावलेलं तेल. बाजारच्या तिखटात २ टक्क्यांपर्यंत खाद्यतेल नियमाने चालतं. मिरचीचा लाल रंग तेलात उतरतो, पातळ अल्कोहोलमध्ये फारसा नाही, म्हणून खालचा द्रव पिवळट. आणि कॅप्सेसिनला तेल प्रिय असल्याने तुमचा बराचसा झणका त्या थरात जाऊन बसलाय. तो थर काढून टाकू नका.

मसालागल्ली_वाशी
अगदी बरोबर. खात्री करायची असेल तर बाटली तिरकी करा. तेलाचे थेंब एकमेकांत मिसळतात. कापसासारखे तंतू किंवा हिरवट-काळे ठिपके दिसले तर बुरशी, मग सरळ फेकायचं.

उल्हासखाडी
९५ टक्के रेक्टिफाइड स्पिरिट आणा, थोडं ओता, क्षणात स्वच्छ होईल. केमिकलवाल्यांकडे मिळतं.

रबाळे_रसायन
असं बिनधास्त सांगू नका. महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ खाली रेक्टिफाइड स्पिरिटला परवाना लागतो. परवान्याशिवाय जे हातात पडतं ते बहुतेक डिनेचर्ड (पिता येऊ नये म्हणून मुद्दाम भेसळ केलेलं) असतं. त्यात मिथेनॉल असू शकतं, डोळे जातात, जीव जातो. वासावरून किंवा चवीवरून ओळखता येत नाही.

उल्हासखाडी
परवाना काढून आणा असं म्हणायचं होतं. रसायन म्हणून सल्ला बरोबरच आहे, जास्त टक्केवारीत राळ पुन्हा विरघळते.

रबाळे_रसायन
रसायन बरोबर आहे. पण ५५० मिली टिंक्चरसाठी कोण परवाना काढणार? घरच्या घरी तेवढीच साधी वोडका ओतली तरी मिश्रण ३७ टक्क्यांवर येतं, गढूळपणा बराच कमी होतो. झणका मात्र निम्मा होईल. त्यापेक्षा हलवून वापरलेलं बरं.

घोडबंदर_गच्ची
कढीपत्त्यावर पिठ्या ढेकूण आलाय का? मिरची-लसूण अर्क उत्तम. पण अल्कोहोलवालं थेट फवारू नका, पानं करपतात. १ लिटर पाण्यात १० मिली, वर साबणाच्या पाण्याचे चार थेंब, संध्याकाळी, पानांच्या खालच्या बाजूने. आधी एका फांदीवर मारून दोन दिवस बघा. शेतावर अग्निअस्त्र (किडीवरचा घरगुती फवारा) करतात त्यातही हिरवी मिरची असते.

खारेगाव_मृ
झाडांसाठी नाही हो. आईचे गुडघे दुखतात, त्यावर लावायला.

कोपरी_तेलघाणा
मग तर तेलच! वय झालेल्या माणसाची त्वचा अल्कोहोलने आणखी कोरडी पडते. तेल चोळता येतं, चोळण्याचाही फायदा होतो.

मसालागल्ली_वाशी
तोच तोटाही आहे. तेल पसरतं, चादरीला लागतं, तेलकट हात डोळ्याला जातो. टिंक्चर कापसाने पातळ लावता येतं आणि वाळतं. कोरडेपणाचा मुद्दा मान्य, पण "तेलच" असं नाही.

सीबीडी_औषधी
दोघांनीही विचारलं नाही ते मी विचारते. आईंना मधुमेह आहे का, पायाची संवेदना कमी आहे का? कुठे खरचटलंय, इसब आहे? यांपैकी काहीही असेल तर घरचं मिरचीचं काहीच लावू नका, भाजलेलं कळत नाही. घरच्या अर्काची ताकद कुणालाच माहीत नसते. औषधांच्या दुकानात ०.०२५ आणि ०.०७५ टक्के कॅप्सेसिनचं मलम मिळतं, तिथे मात्रा ठरलेली असते. तेही दिवसातून तीन-चार वेळा, काही आठवडे नेमाने लावलं तरच उपयोग.
घरचंच लावायचं तर आधी कोपराच्या आतल्या बाजूला एक थेंब, २४ तास थांबा. लावल्यावर गरम पाण्याने आंघोळ नको, शेक नको, वर पट्टी घट्ट बांधू नका. आग जास्त झाली तर खाण्याचं तेल लावून पुसा आणि मग साबणाने धुवा, नुसत्या पाण्याने पसरतं. आणि पोटात घेण्याचा विचार असेल तर आम्लपित्त, अल्सर, रक्त पातळ करणारी गोळी किंवा रामिप्रिल-एनालाप्रिलसारखी बीपीची गोळी चालू असताना डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. या बीपीच्या गोळ्यांनी आधीच खोकला येतो, मिरचीने तो वाढू शकतो.

खारेगाव_मृ
मधुमेह नाही, त्वचा ठीक आहे. पोटात द्यायचं नाहीच. पण झणका नाही त्याचं काय? नवीन करायचं तर नेमकं कसं?

मसालागल्ली_वाशी
बेडगी रंगासाठी असते. तिखटपणाच्या स्कोव्हिल मापावर ती साधारण ८ ते १५ हजार, गुंटूर सन्नम ३५-४० हजार, तेजा त्याच्याही दुप्पट. (विल्बर स्कोव्हिलने १९१२ मध्ये ही चाचणी काढली तीच मिरचीच्या अल्कोहोल अर्कावर, तो साखरेच्या पाण्यात पातळ करत नेऊन.) वाशीच्या मसाला मार्केटजवळच्या किरकोळ दुकानांत लवंगी किंवा गुंटूर मागा, पूड नको. पुडीने गाळणं बंद होतं, चिखल बसतो आणि भेसळ दिसत नाही.
देठ काढा. बिया झटका, त्यांत तिखटपणा थोडा आणि तेल जास्त. आतली पांढरी शीर मात्र ठेवा, कॅप्सेसिन तिथेच तयार होतं. उन्हात मिरची कट् आवाज करून मोडेपर्यंत वाळवा, पावसाळ्यात हे फार गरजेचं. कात्रीने तुकडे, मिक्सरला दोन झटके, आणि झाकण दहा मिनिटं उघडू नका, नाहीतर घरभर ठसका. ५० ग्रॅमला ५०० मिली वोडका, म्हणजे १:१०. टिंक्चरचं नेहमीचं १:५ मिरचीला लावण्यासाठी जरुरीपेक्षा जहाल. काचेची बरणी, मिरची पूर्ण बुडालेली, दोन ते चार आठवडे. मलमलीतून गाळा, मग कॉफीच्या कागदातून. पाणी अजिबात घालू नका. हातमोजे शेवटपर्यंत.

पाचपाखाडी_डंक
संकेश्वरी का नाही कुणी म्हणत? बेडगीपेक्षा तिखट, रंगही धरते. अवांतराबद्दल क्षमस्व, पण यंदा डंकावर संकेश्वरी-बेडगी अर्धी-अर्धी घालून मसाला करून बघा.

मसालागल्ली_वाशी
मसाल्यासाठी मान्य. गुडघ्याला रंग कशाला? पिवळे डाग पडतील.

खारेगाव_मृ
शनिवारपर्यंत नवीन होणार नाही. आत्ताचं हलवून देऊ? बाटल्या ड्रॉपरच्या आहेत.

सीबीडी_औषधी
द्या, पण आधी कोपराची चाचणी. चिठ्ठीवर "फक्त बाहेरून, हलवून वापरा, डोळ्यांपासून दूर" आणि तारीख लिहा. ड्रॉपर लावून ठेवू नका, रबर अल्कोहोलने चिकट होतं. साधं झाकण लावा, ड्रॉपर वेगळा द्या.