साथीविना गाणाऱ्या सारा मॅकेम यांचा आवाज मनाची पकड का घेतो?

श्रवणछंद (शनिवार पेठ, पुणे):

नमस्कार. माझे कान ख्याल आणि ठुमरीवर घडलेले आहेत. अलीकडे सारा मॅकेम (१९००–१९८३) या पारंपरिक आयरिश गीते गाणाऱ्या गायिकेची ध्वनिमुद्रणे ऐकण्यात आली आणि तेव्हापासून हा प्रश्न मनातून जात नाही. उत्तर आयर्लंडमधील आर्मा परगण्यातले कीडी हे त्यांचे गाव. लहान वयातच त्या लिननच्या गिरणीत विणकामाला लागल्या आणि पुढे घरसंसार सांभाळत गात राहिल्या. त्यांच्या गाण्यात तंबोरा वा तालवाद्याची साथ नाही, आलाप-ताना नाहीत आणि कडव्यामागून कडवे त्याच चालीवर येत राहते. मरणाची वार्ता आली तरी आवाज दाटून येत नाही. असे असूनही एकही गीत मला अर्ध्यावर सोडता आलेले नाही. ज्या गोष्टींना आपण गाण्याचे बळ मानतो त्यातले इतके काही वगळूनही हे गाणे ऐकणाऱ्याला कशाच्या जोरावर धरून ठेवते? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

षड्जपंचम (कोथरूड):

माझ्या मते आवाज दाटून येत नाही हीच त्या गाण्यातली मुख्य शक्ती आहे. या परंपरेत गायिका शोक करून दाखवत नाही. ती घडलेली गोष्ट सांगते आणि शोक करण्याची जागा ऐकणाऱ्यासाठी मोकळी ठेवते. याचा अर्थ तिला काही वाटत नाही असा नव्हे. जे वाटते ते आवाजाच्या चढउतारात न येता शब्दाच्या वजनात, ओळीच्या मध्येच घेतलेल्या श्वासात आणि एखाद्या स्वरावर किंचित लांबलेल्या मुक्कामात उतरते. ठेका नसल्यामुळे प्रत्येक ओळीची लांबी गायिकेच्या हाती असते. चाल तीच वाटते, पण चौथे कडवे पहिल्याशी ताडून पाहा, म्हणजे एखादा लहानसा कण (मुख्य स्वराला लागून घेतलेला ओझरता स्वर) बदललेला, एखादा स्वर गाळलेला किंवा शेवटचा शब्द आखूड केलेला आढळेल. आपण रागविस्तारात जे मोठ्या पटावर शोधतो ते इथे फार लहान जागेत घडते. म्हणून ही गीते पार्श्वभूमीला लावून ऐकू नयेत, असे मी आग्रहाने सांगेन.

दुसरी बाब स्वरांची. अनेक आयरिश चाली डोरियन आणि मिक्सोलिडियन स्वरपंक्तींत असतात, म्हणजे स्वरांच्या दृष्टीने आपले काफी आणि खमाज हे थाट. शिवाय पुष्कळ गीतांत पहिली आणि चौथी ओळ एकाच चालीची असते आणि मधल्या दोन वर चढतात. स्थायी-अंतऱ्याची सवय असलेल्या कानाला ती चढण आणि तो परतीचा मार्ग ओळखीचा वाटणे स्वाभाविक आहे.

जात्याकाठी (मुळशी):

वरील विवेचन मला पटते. त्यात एक भर घालते. सारा मॅकेम स्वयंपाक करणाऱ्या आईचे गाणे ऐकत ऐकत शिकल्या. १९५२ च्या सुमारास बीबीसीचे संग्राहक त्यांच्यापर्यंत पोहोचले आणि पुढे त्यांचाच आवाज लोकगीतांच्या एका रेडिओ कार्यक्रमाची सुरुवात म्हणून देशभर ऐकू जाऊ लागला. मात्र त्यांचे गाणे त्याआधीच पूर्ण घडलेले होते आणि ते समोर बसलेल्या चार माणसांसाठी घडलेले होते. मला वाटते, त्यांच्या आवाजात श्रोत्याला जिंकण्याची धडपड नाही ती यामुळेच.

आपल्या पुण्याशी या प्रश्नाचा जवळचा संबंध आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइट्वाँ यांनी इथूनच जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह उभा केला. एक लाखाहून अधिक ओव्यांच्या त्या ठेव्यातल्या अनेक ओव्या आता ग्रामीण भारताच्या ‘पारी’ या ऑनलाइन संग्रहाच्या संकेतस्थळावर ऐकता येतात. त्यातल्या बायकांच्या आवाजातही हीच अलिप्त वाटणारी पण अलिप्त नसलेली तऱ्हा आहे. तरीही दोन्ही एकच आहेत असे म्हणणे मला मान्य नाही. ओवी गाणारी बाई स्वतःच्या भावाला, सासुरवासाला, विठ्ठलाला, सीतेच्या वनवासाला आपल्या शब्दांत हाक मारते. आयरिश कथागीतात गायिका बहुधा परंपरेने आलेली दुसऱ्याची कथा जतन करते. तिचा संयम हा त्या कथेशी असलेला इमान आहे, तर ओवीतला संयम कष्टांच्या लयीतून येतो.

श्रवणछंद:

आपणा दोघांचे आभार. कथा दुसऱ्याची असल्यामुळे येणारा संयम हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण ठुमरीत आम्ही नेमके उलट अपेक्षित धरतो. यापुढे कोणाचे गाणे ऐकावे?

षड्जपंचम:

प्रथम कॉर्क परगण्यातील एलिझाबेथ क्रोनिन (१८७९–१९५६) यांचे ऐकावे. त्या आयरिश आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत गात असत आणि १९५१ साली अमेरिकन लोकगीत-संग्राहक अ‍ॅलन लोमॅक्स यांनी त्यांचे ध्वनिमुद्रण केले होते. त्यानंतर गॉलवे परगण्यातील रिटा आणि सारा कीन या बहिणींचे एकत्र गायन ऐकावे. दोघी एकाच चालीत, जवळजवळ त्याच हरकती घेत गातात. ज्यांना कण आणि मुरकी (झटकन घेतलेला स्वरांचा लहान गुच्छ) यांचे वेड आहे अशा पुणेकर श्रोत्याने ते चुकवू नये. त्यांच्याकडेच वाढलेली त्यांची भाची डोलोरेस कीन ही पुढे डे डॅनन या वाद्यवृंदातून जगभर पोहोचली. तिचे गाणे शेवटी ऐकावे, म्हणजे भोवती वाद्ये आल्यावरही तिने आत्यांकडून घेतलेली ओळ कुठे सोडलेली नाही, हे आपोआप कळेल.