प्रतिसाद: संख्येचे वजन

नोंदींची संख्या मोठी असल्याशिवाय निष्कर्ष ग्राह्य धरू नये, असा मुद्दा मांडला जातो; कणभौतिकीत तो योग्यच आहे. २०१२ मध्ये सर्न या युरोपातील कणभौतिकी प्रयोगशाळेने हिग्ज बोसॉन या मूलकणासारखा कण सापडल्याचे जाहीर केले, ते कणांच्या असंख्य टकरींची छाननी करून. बालहृदयरोपणात मात्र तेवढी संख्या कधीच मिळणार नाही. टोरांटोच्या डॉक्टर लोरी वेस्ट आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विजोड रक्तगटाचे हृदय बसवलेली अवघी १० बाळे होती. तरीही तो अभ्यास मला भक्कम वाटतो, कारण परक्या रक्तगटाविरुद्धची प्रतिपिंडे (परक्या घटकांना विरोध करणारी रक्तातील प्रथिने) तान्ह्या बाळाच्या शरीरात अद्याप पुरेशी तयार झालेली नसतात, हा जैविक आधार त्यामागे होता, आणि त्यामुळे हृदयाची वाट पाहत दगावणाऱ्या बाळांना अधिक दाते मिळू शकले.