'रक्त पातळ करायची गोळी': पातळ म्हणजे नेमकं काय?

प्रश्न (फोंडा)
माझ्या आत्याला गेल्या वर्षी हृदयात स्टेंट बसवला. इस्पितळातून घरी येताना सांगितलं, ही रक्त पातळ करायची गोळी, चुकवायची नाही. महिन्याभरात तिने ती आपल्या मनाने बंद केली. "आधीच अंगात रगत नाही, ते आणखी पातळ कशाला करू?" डॉक्टरांनी वेळीच पुन्हा सुरू केली म्हणून निभावलं. तेव्हापासून हा शब्द मला सलतो. दुसरा शब्द आहे का? आणि 'प्लेटलेट अ‍ॅक्टिव्हिटी'ला मराठीत काय म्हणावं?

प्रतिसाद (साखळी)
तुमच्या आत्यांनी अर्थ बरोबर लावला, शब्दच फसवा होता. पाणी वाढलं की ताक पातळ, कालवण पातळ. या गोळीने, म्हणजे बहुधा अ‍ॅस्पिरिनने, रक्तात पाणी वाढत नाही की हिमोग्लोबिन उतरत नाही. रक्त होतं तेवढंच दाट राहतं, फक्त प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवायला मदत करणाऱ्या बारीक पेशी, एकमेकींना सहज चिकटत नाहीत.

परिभाषेत त्यांना 'बिंबाणू' म्हणतात. बिंब म्हणजे चकती, आणि शांत असताना त्या खरोखरच चकतीसारख्या गुळगुळीत असतात. रक्तवाहिनीतला चरबीचा थर फुटला की आतला भाग उघडा पडतो. तिथे पोचताच त्यांचा आकार बदलतो, अंगावर काटे फुटल्यासारखे धागे येतात, त्या चिकटतात आणि आजूबाजूच्यांना हाक देणारी द्रव्यं सोडतात. जखमेवर हे हवंच असतं. हृदयाच्या धमनीत त्याचाच झटका होतो.

'सक्रियता' हा शब्द कोशाला शोभेल, पण घरात 'सक्रिय' म्हणजे चांगलंच वाटतं. मी 'चिकटण्याची ओढ' म्हणेन. आपल्याकडे प्लेटलेट हा शब्द घरोघरी पोचला तो पावसाळ्यातल्या डेंग्यूमुळे, त्यामुळे सगळे आकडाच विचारतात: दीड लाखाच्या खाली गेल्या का? हृदयरोग्याचा आकडा बहुधा ठीक असतो, प्रश्न त्यांच्या वागण्याचा असतो.

गोळी रोज का, हेही सांगा. बिंबाणूला केंद्रक नसतं. अ‍ॅस्पिरिनने बंद पाडलेलं विकर (एन्झाइम) त्याला नव्याने बनवता येत नाही, म्हणून तो उरलेला जन्म तसाच काढतो. पण हा जन्म ७ ते १० दिवसांचाच. रोज नवे येतात, ते मोकळे असतात. ७५ मिलिग्रॅमची ती छोटी गोळी रोजच्या नव्यांसाठी आहे.

प्रतिसाद (पेडणे)
'रक्ताची गाठ' मात्र नको. गाठ म्हटलं की माणूस कॅन्सरच्या भीतीने गळून जातो. 'गुठळी' उत्तम, पिठल्यात गुठळ्या झालेल्या प्रत्येकीने पाहिल्या आहेत. मुका मार लागून कातडीखाली रक्त 'साकळतं', ते वेगळं.
आणखी एक: वॉर्फरिनलाही लोक 'पातळ करायची गोळी'च म्हणतात. ती बिंबाणूंवर नाही, यकृतात तयार होणाऱ्या गोठण-घटकांवर काम करते, म्हणून तिच्यासाठी आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो याचा आकडा, तपासतात. एकाच नावाने दोन गोळ्यांची अदलाबदल व्हायची भीती आहे.

प्रश्नकर्ता (फोंडा)
आत्याच्या डब्यावर आज लिहिलं: 'गुठळी होऊ नये म्हणून. रोज.' तिने वाचलं आणि लगेच विचारलं, पुढच्या आठवड्यात दाढ काढायची आहे, तेव्हा बंद करू?

प्रतिसाद (साखळी)
स्वतःहून अजिबात नाही. दाताच्या डॉक्टरांना स्टेंटचं आधी सांगा, आणि हृदयाच्या डॉक्टरांना आजच फोन करा. ताप आला, डेंग्यूची शंका आली, तरी तेच: त्यात अ‍ॅस्पिरिन टाळतात, पण स्टेंट असलेल्या माणसाचं ते डॉक्टरच ठरवतील.